हातफेकीच्या ग्लायडरमधील सर्व्हो आणि पुशरॉड: ट्रिम टिकत नसेल तर कुठे पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पंखाच्या टोकाला धरून, स्वतःभोवती गिरकी घेऊन फेकायचा दीड मीटर पंखविस्ताराचा ग्लायडर तुम्ही किटवरून बांधला आणि त्यात चार सर्व्हो (रेडिओच्या संकेतावर आपला छोटा हात, म्हणजे आर्म, फिरवणाऱ्या लहान मोटरी) बसवले: दोन फ्लॅपेरॉनसाठी (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग), एक एलिव्हेटरसाठी (शेपटीचा, नाक वरखाली करणारा भाग), एक रडरसाठी (शेपटीचा, नाक डावीउजवीकडे वळवणारा भाग). सर्व्होची हालचाल या हलत्या पृष्ठभागांपर्यंत नेणारी काडी म्हणजे पुशरॉड. आता फ्लॅपेरॉन हलवून सोडले की दर वेळी किंचित वेगळ्या जागी थांबतात, एलिव्हेटरचा सकाळी लावलेला ट्रिम (मध्याची बारीक जुळणी) दुपारी चालत नाही, आणि उजव्या फ्लॅपेरॉनचा सब-ट्रिम (ट्रान्समीटरमध्ये त्या एका सर्व्होच्या मध्याला दिलेली दुरुस्ती) ३० टक्क्यांपर्यंत गेला आहे. तेव्हा अधिक महाग सर्व्हो घ्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की अजून घेऊ नयेत. या तीन तक्रारींपैकी दोन निश्चितच सर्व्होच्या बाहेरच्या आहेत, आणि तिसरी सर्व्होची आहे की बिजागरीची, हे एका साध्या चाचणीने ठरवता येते.

आधी या प्रकारच्या ग्लायडरमध्ये अचूकतेची अपेक्षा किती असते ते पाहू. एफ-३-के या हातफेकीच्या ग्लायडरांच्या स्पर्धावर्गाच्या नियमांनुसार पंखविस्तार जास्तीत जास्त १५०० मि.मी. असतो, आणि बहुतेक विमाने ३०० ग्रॅमच्याही आत असतात. फेकताना फ्लॅपेरॉन सुमारे १ ते २ अंश वर, सरळ तरंगताना मध्यावर आणि थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उष्ण हवेत, घिरट्या घालताना ४ ते ५ अंश खाली, एवढ्याच फरकावर विमानाची सारी कामगिरी अवलंबून असते. म्हणजे जोडणीत २ अंशांचा ढिलेपणा, ज्याला आपण सगळे ‘प्ले’ म्हणतो, असेल तर फेकण्याची स्थिती आणि तरंगण्याची स्थिती यांत प्रत्यक्षात काही फरकच उरत नाही. दुसरी गोष्ट वेगाची. थर्मलमध्ये हे विमान ताशी २५ कि.मी.च्या आसपास उडते, आणि चांगल्या फेकीत हातातून सुटताना ताशी १०० कि.मी.च्या पुढे जाते. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे चौपट वेगाला पृष्ठभागांवर सोळापट भार येतो. टेबलावर बोटाने दाबून ‘घट्ट आहे’ असे वाटणारी जोडणी त्या पहिल्या दोन सेकंदांत घट्ट राहीलच असे नाही, आणि फ्लटर, म्हणजे पृष्ठभागाची वेगवान फडफड, सुरू होतो तो नेमका तिथे.

आता प्लेचा हिशेब. समजा सर्व्होच्या गिअरमध्ये १ अंशाचा प्ले आहे. सर्व्हो आर्मवरचे छिद्र केंद्रापासून ५ मि.मी. अंतरावर असेल, तर त्या एका अंशात पुशरॉड ०.०९ मि.मी. सरकतो, हॉर्नवरचे (पृष्ठभागाच्या ज्या शिंगाला पुशरॉड जोडतात त्यावरचे) छिद्र बिजागरीपासून १० मि.मी. असेल, तर पृष्ठभाग अर्धा अंश हलतो आणि ४० मि.मी. रुंदीच्या फ्लॅपेरॉनची मागची कड ०.३५ मि.मी. सरकते. तोच सर्व्हो, पण आर्म १० मि.मी. आणि हॉर्न ५ मि.मी. असे उलटे केले, तर पृष्ठभाग २ अंश हलतो आणि मागची कड १.४ मि.मी. जाते. सर्व्हो न बदलता दोष चौपट झाला. म्हणून आर्म शक्य तितका आखूड आणि हॉर्न शक्य तितका लांब ठेवून, सर्व्होला त्याचा पूर्ण प्रवास करू देणे हा पहिला नियम आहे. लांब आर्म बसवून ट्रान्समीटरमध्ये प्रवास ५० टक्क्यांवर आणणे म्हणजे सर्व्होची अर्धी ताकद आणि अर्धी अचूकता वाया घालवणे होय, आणि माझ्याकडे तपासायला येणाऱ्या नव्या विमानांपैकी बहुतेकांत हीच चूक आढळते.

हॉर्नची लांबी मोजताना ती पंखाच्या कातडीपासून न मोजता बिजागरीच्या रेषेपासून मोजावी. बिजागरी वरच्या कातडीवर आणि हॉर्न खालच्या बाजूला असेल, तर तिथली पंखाची जाडीही लांबीत धरली जाते, ४ मि.मी. जाडी आणि बाहेर आलेले ६ मि.मी. मिळून खरी लांबी १० मि.मी. होते. बिजागरी आणि हॉर्न दोन्ही खालच्याच बाजूला असतील, तर तोच हॉर्न फक्त ६ मि.मी.चा ठरतो. एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन विमाने वेगवेगळी वागतात, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

मात्र फ्लॅपेरॉनच्या बाबतीत आखूड आर्मचा नियम शेवटपर्यंत ताणता येत नाही, कारण उतरताना ब्रेक म्हणून तेच फ्लॅपेरॉन ८० अंशांपर्यंत खाली यावे लागतात. वर १५ आणि खाली ८० असा एकूण ९५ अंशांचा प्रवास हवा आणि सर्व्हो साधारण १०० अंश फिरत असेल, तर आर्म आणि हॉर्न जवळजवळ समान लांबीचेच ठेवावे लागतात. येथे लांबीपेक्षा कोन महत्त्वाचा ठरतो. हा प्रवास मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा नाही. त्याचा खरा मध्य सुमारे ३२ अंश खाली आहे. हॉर्न पंखाच्या खाली असेल, तर फ्लॅपेरॉन खाली जाताना हॉर्नचे छिद्र पुढे सरकते. म्हणून फ्लॅपेरॉन मध्यावर असताना हॉर्नचे छिद्र बिजागरीच्या रेषेपासून सुमारे ३० अंश मागे कललेले असावे, सर्व्होचा आर्मही तेवढाच मागे कललेला असावा, आणि दोन्ही एकमेकांना समांतर असावेत. आर्म, हॉर्न, पुशरॉड आणि पंख मिळून समांतरभुज चौकोन तयार झाला, की सर्व्हो जितके अंश फिरतो तितकेच अंश फ्लॅपेरॉन फिरतो आणि कुठेही वाकडेपणा येत नाही. केवळ आर्म मागे कलवला आणि हॉर्न सरळ ठेवला, तर वरचा आणि खालचा प्रवास असमान होतो, दोन पंखांमध्ये ती असमानता कधीच तंतोतंत सारखी येत नाही, आणि मग मनुष्य ट्रान्समीटरमध्ये वक्ररेषा आखत बसतो.

तुमच्या ३० टक्के सब-ट्रिमचे कोडे येथेच सुटते. एजटीएक्ससारख्या ट्रान्समीटरच्या प्रणालीत १०० टक्के म्हणजे सर्व्होला जाणाऱ्या संकेताच्या लांबीत सुमारे ५१२ मायक्रोसेकंदांचा फरक. त्याचे ३० टक्के म्हणजे जवळपास १५४. सर्व्हो १००० मायक्रोसेकंदांत ९० अंश फिरतो असे धरले, तर हे १४ अंश झाले. सर्व्होच्या दांड्यावर २५ दाते असतील, तर एका दाताचा कोन १४.४ अंश असतो. म्हणजे तुमच्या उजव्या सर्व्होचा आर्म जवळजवळ नेमका एक दात चुकीच्या जागी बसला आहे. सब-ट्रिमने तो सरळ दिसतो, पण एका बाजूचा प्रवास तेवढा कमी झालेला असतो आणि ब्रेक लावताना उजवा फ्लॅपेरॉन डाव्याइतका खाली जात नाही. उतरताना विमान एका बाजूला कलते, ही तक्रार तुम्ही केलेली नाही, पण बहुधा ती असेलच.

दुरुस्तीसाठी सगळे ट्रिम, सब-ट्रिम आणि मिक्स (एका हालचालीत दुसरी मिसळण्याच्या जोडण्या) शून्य करा, किंवा सर्व्हो टेस्टरवर १५०० मायक्रोसेकंदांचा संकेत द्या, आणि मगच आर्म काढून हव्या त्या कोनात पुन्हा बसवा. आर्म हाताने फिरवून जागेवर आणू नका. लहान सर्व्होचे दाते तेवढ्याने तुटतात. एका दाताने पुढे आणि एका दाताने मागे असे दोन्हीकडे चुकत असेल, तर चार फाट्यांचा आर्म घ्या. २५ दात्यांच्या दांड्यावर ९० अंशांत सव्वासहा दाते येतात, त्यामुळे प्रत्येक फाटा आधीच्या फाट्यापेक्षा पाव दाताने, म्हणजे ३.६ अंशांनी, वेगळा बसतो. चारही फाटे करून पाहावेत, सर्वांत जवळचा ठेवावा आणि उरलेले तीन कापून टाकावेत. २४ दात्यांच्या दांड्यावर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे ९० अंशांत बरोबर सहा दाते येतात. एवढे केल्यावर जो दोनतीन अंशांचा फरक उरतो, तेवढ्यासाठीच सब-ट्रिम असतो. आर्मचा मधला स्क्रू लावायला विसरू नका. चाचणीसाठी काढलेला स्क्रू तसाच टेबलावर राहिल्याने गेलेली विमाने मी पाहिली आहेत.

आता फ्लॅपेरॉन जागेवर परत न येण्याविषयी. ‘प्ले आहे’ आणि ‘घर्षण आहे’ या दोन निराळ्या व्याधी आहेत आणि त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. रेडिओ चालू ठेवून मागची कड दोन बोटांत हलकेच वरखाली करा. ती सैल हलत असेल आणि सर्व्होचा आर्म स्थिर असेल, तर प्ले पुशरॉडच्या टोकांना आहे. आर्मही हलत असेल, तर तो गिअरमध्ये आहे किंवा सर्व्होच आपल्या बैठकीत हलतो आहे. कड मुळीच सैल नाही, तरीही स्टिक वरून सोडल्यावर एका जागी आणि खालून सोडल्यावर दुसऱ्या जागी थांबते, तर पुशरॉड सोडवा आणि फ्लॅपेरॉन मोकळा लोंबू द्या. तो स्वतःच्या वजनाने सहज खाली आला पाहिजे. अडखळत असेल, तर दोष बिजागरीत आहे: टेपची बिजागरी फट न ठेवता चिकटवलेली असते, किंवा कापडाच्या बिजागरीत रेझिन शिरून ती कडक झालेली असते. कडक बिजागरी शंभरदीडशे वेळा पूर्ण प्रवासात हलवली की बरीच मोकळी होते. न झाल्यास धारदार पात्याने खोबण किंचित रुंद करावी लागते. बिजागरी मोकळी असूनही दोन जागी थांबण्याचा दोष राहिला, तरच तो सर्व्होचा डेड बँड, म्हणजे संकेतातल्या ज्या छोट्या फरकाला सर्व्हो हलतच नाही ती मर्यादा, समजावा. निळ्या रंगाच्या, नायलॉन गिअरच्या ९ ग्रॅम सर्व्होच्या पत्रकावर डेड बँड १० मायक्रोसेकंद लिहिलेला असतो, म्हणजे जवळजवळ १ अंश. शिकाऊ फोमच्या विमानाला तो चालतो, या विमानाला चालत नाही. तुमच्याकडे तेच सर्व्हो असतील, तर मात्र पैसे खर्च करण्याची वेळ आली आहे, आणि ते आधी फ्लॅपेरॉनसाठी करावेत.

पुशरॉडच्या टोकांचा प्ले बहुतेक वेळा छिद्रांत असतो. ०.८ मि.मी.च्या तारेसाठी १ मि.मी.चे छिद्र पाडले, तर ०.२ मि.मी.चा प्ले जन्मापासूनच येतो, आणि १० मि.मी. हॉर्नवर तो १ अंशाहून अधिक होतो. छिद्र तारेच्याच मापाच्या ड्रिलने, हाताने फिरवून पाडावे. झिजलेल्या छिद्रात फेविक्विकचा थेंब सोडून तो पूर्ण वाळल्यावर पुन्हा ड्रिल केले, तर तो हंगाम निघतो. आर्मच्या बाजूला झेड-बेंड (तारेच्या टोकाला दिलेला इंग्रजी ‘झेड’च्या आकाराचा बाक) आणि हॉर्नच्या बाजूला धातूचा लहान क्लेव्हिस (लांबी बदलता येणारी चिमट्यासारखी जोडणी) ही जोडी मला सर्वांत विश्वासाची वाटते. दोन्ही टोकांना झेड-बेंड केल्यास प्ले सर्वांत कमी राहतो, पण लांबी बदलता येत नाही. त्यासाठी तारेच्या मध्ये इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा बाक देऊन तो पक्कडीने उघडझाक करण्याची जुनी पद्धत आखूड पुशरॉडवर वापरू नये, कारण भाराखाली तो बाक स्वतःच स्प्रिंगसारखा वागतो.

सर्व्हो पंखात चिकटवताना त्याभोवती मास्किंग टेपचा एक वेढा घ्या किंवा श्रिंक ट्यूब चढवा, आणि मग पाच मिनिटांच्या इपॉक्सीने बसवा. पुढे सर्व्हो काढायचा झाला तर टेप कापून तो सुटतो. फेविक्विकसारखा पातळ गोंद थेट सर्व्होवर कधीही लावू नये; तो केसच्या फटीतून आत ओढला जातो आणि गिअर किंवा पोटेन्शिओमीटर कायमचा निकामी करतो. दुहेरी फोम टेपने बसवलेला सर्व्हो टेबलावर घट्ट वाटतो, पण उन्हात फोम मऊ पडतो आणि सर्व्होच डोलू लागतो.

सकाळचा एलिव्हेटर ट्रिम दुपारी न चालण्याचे कारण मला तुमच्या वर्णनातच दिसले: शेपटीपर्यंत तुम्ही नायलॉनची आतली नळी पुशरॉड म्हणून वापरली आहे. हीच चूक मी स्वतः कामशेतजवळच्या एका पठारावर जानेवारीत अनुभवली आहे. सकाळी आठच्या गारव्यात विमान सुरेख सरळ उडत होते; बाराच्या सुमारास, काळे कार्बनचे धड उन्हात तापल्यावर, तेच विमान नाक खाली घालू लागले, आणि मी तासभर गुरुत्वमध्य तपासत बसलो. हिशेब साधा आहे. नायलॉन दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या साधारण दहा लाखांत ८० भाग इतके वाढते. ७०० मि.मी. लांबी आणि २० अंशांचा फरक धरल्यास ही वाढ १.१ मि.मी. होते, आणि १२ मि.मी.च्या हॉर्नवर एलिव्हेटर ५ अंश फिरतो. कार्बनचे धड मात्र जवळजवळ वाढतच नाही. पोलादी तार त्याच परिस्थितीत ०.१६ मि.मी. वाढते आणि कार्बनचा बारीक रॉड त्याहूनही कमी. शिवाय नायलॉन हवेतला दमटपणा शोषून लांबीत वाढते. कोकणात पावसाळ्यापूर्वी बांधलेले विमान नवरात्रात उडवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

तार किंवा रॉड घेतला, तर त्याला आधार हवा. ०.८ मि.मी.ची पोलादी तार १५० मि.मी. अंतर आधाराविना असेल, तर सुमारे १८० ग्रॅम भाराने बाक घेते. तेच अंतर ३०० मि.मी. केले, तर फक्त ४५ ग्रॅमने. अंतर दुप्पट केले की सहनशक्ती चतुर्थांश होते. म्हणून बाहेरची टेफ्लॉन नळी दर १०-१२ सें.मी.वर धडाच्या भिंतीला चिकटलेली असावी, आणि शेपटीकडचे शेवटचे उघडे अंतर शक्य तितके कमी असावे. ओढताना तार कधीच कमी पडत नाही. दोष नेहमी ढकलताना येतो.

या शेवटच्या वाक्यातूनच तुमच्या विमानासाठी मला सर्वांत योग्य वाटणारा उपाय निघतो, तो म्हणजे दोरी आणि स्प्रिंग. सर्व्हो दोरीने पृष्ठभाग एका बाजूला ओढतो आणि बिजागरीजवळ बसवलेली म्युझिक वायरची (लवचीक पोलादी तारेची) पीळ-स्प्रिंग त्याला दुसऱ्या बाजूला ओढते. दोरी नेहमी ताणलेली असल्यामुळे प्ले जवळजवळ शून्य होतो, आणि शेपटीचे वजन कमी झाल्याने नाकातले शिसे त्याच्या कितीतरी पट कमी होते. स्प्रिंगसाठी ०.३ ते ०.४ मि.मी. जाडीची तार पुरते. पृष्ठभाग स्प्रिंगच्या बाजूला पूर्ण गेलेला असतानाही दोरीत ताण शिल्लक असला पाहिजे. त्याहून फार कडक स्प्रिंग मात्र सर्व्होला सतत राबवते, तो गुणगुणत राहतो आणि लहान बॅटरी लवकर उतरते. एलिव्हेटरची स्प्रिंग वरच्या दिशेने ढकलणारी असावी, असा माझा आग्रह आहे. दोरी तुटली, तर विमान नाक वर करून वेग गमावते; उलट बाजूने लावल्यास ते पूर्ण वेगाने जमिनीकडे, कदाचित माणसांकडे, जाते. याची किंमत एवढीच की वेगात नाक वर ओढण्याचे काम स्प्रिंगवर पडते, म्हणून ती फार मऊ चालत नाही. रडरच्या बाबतीत, फेकताना शेपटीवर येणारा आडवा भार स्प्रिंगवर न येता दोरीवर येईल अशी बाजू निवडावी, आणि ती तुम्ही उजव्या हाताने फेकता की डाव्या, यावर ठरते.

दोरी म्हणून मासेमारीची विणलेली डायनीमा घ्यावी. एकेरी नायलॉनची तंगूस ताणली जाते आणि वरचा सगळा खटाटोप व्यर्थ जातो. डायनीमाचाही एक स्वभाव आहे: सतत ताणाखाली ती पहिले काही दिवस हळूहळू लांबते. म्हणून दोरी बसवल्यावर विमान दोनतीन दिवस तसेच टांगून ठेवावे आणि मगच लांबी व ट्रिम पक्का करावा. गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर गोंदाचा थेंब द्यावा, पण गोंद दोरीत पुढे झिरपू देऊ नये. कडक झालेल्या भागाच्या काठावरच दोरी तुटते. धडातून बाहेर येण्याच्या छिद्राला टेफ्लॉनचा छोटा तुकडा बसवावा, कारण कार्बनची कापलेली कड करवतीसारखी असते.

ट्रान्समीटरचे काम आता थोडेच उरते. आधी दोन्ही बाजूंच्या प्रवासाच्या मर्यादा लावाव्यात, ब्रेक पूर्ण खाली असताना सर्व्हो कुठे अडून गुणगुणत नाही ना हे कान देऊन ऐकावे, आणि मग दोन्ही फ्लॅपेरॉन पाच ठिकाणी पट्टीने मोजून जुळवावेत: पूर्ण वर, फेकण्याची स्थिती, मध्य, थर्मल आणि पूर्ण ब्रेक. आर्म आणि हॉर्नचा तो समांतरभुज चौकोन नीट जुळला असेल, तर आउटपुट्सच्या पानावरची वक्ररेषा कुठेही दोनतीन टक्क्यांपेक्षा जास्त वाकवावी लागणार नाही. जास्त वाकवावी लागली, तर ती पुसून टाका आणि पुन्हा हॉर्नकडे जा.

पहिल्या पूर्ण ताकदीच्या फेकीपूर्वी बॅटरी चढवून चारही पृष्ठभाग एकाच वेळी वेगाने हलवा आणि रिसीव्हरचा व्होल्टेज पडतो का ते टेलिमेट्रीवर (विमानाकडून ट्रान्समीटरवर परत येणाऱ्या माहितीत) पाहा. नंतर अर्ध्या ताकदीच्या दहा फेकी करा, आणि प्रत्येक फेकीनंतर मागच्या कडा पंखाच्या बुडाशी जुळतात का ते डोळ्यांनी तपासा. दहाही वेळा जुळल्या, तर मध्यापासूनची पाचही मापे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून कॅनोपीच्या आत चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी विमान एका बाजूला ओढू लागले, की ट्रिमला हात लावण्याआधी पट्टी काढून त्या आकड्यांशी ताडून पाहता येईल.